मुंढ्याचा अर्धा इंच

सुकन्याबद्दल कुणी विचारलं की मी आधी सांगते, ती माझ्याकडे शिकली. मग जरा थांबून सांगते, पूर्ण नाही, अर्ध्यातच सोडलं तिनं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगताना माझ्या पोटात दुखतं, हेही खरं आहे. पंचावन्न वर्षांची झाले, आता आपल्या दुखण्याला दुसरं नाव कशाला द्यायचं.

नगरला सावेडीत माझा शिवणक्लास बावीस वर्षं चालू आहे. घराचीच पुढची खोली, सहा मशिनी, कटिंगचं एक मोठं टेबल आणि दारावर ‘भारती शिवणक्लास’ अशी पाटी. या पाटीखालून किती मुली शिकून गेल्या याची मोजदाद नाही. पण नगरमध्ये कुठल्याही लग्नाला गेले की चार तरी बायका उठून ‘ताई, बसा’ म्हणत खुर्ची पुढे करतात. मला एवढं पुरत होतं. सुकन्याचं नाव व्हायच्या आधीपर्यंत पुरत होतं.

ती आली त्याला आठ वर्षं झाली. माहेर खर्ड्याचं. लग्न होऊन चारच महिने झालेले, नवरा नितीन शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. क्लासला नाव घालायला आली तेव्हा हातात आधार कार्डाची झेरॉक्स आणि पासपोर्टचे दोन फोटो. शिवणक्लासला हे लागत नाही म्हटल्यावर तिला वाईटच वाटलं. फोटो राहू द्या म्हणाली, काढलेत तर.

पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, “ताई, हे टक्स कशाला घेत्यात?”

टक्स, म्हणजे ब्लाऊजच्या पुढच्या भागाला शिवतात त्या चुण्या, किती घ्यायच्या, कुठे घ्यायच्या, हे मला शेकडो मुलींनी विचारलं होतं. कशाला, असं कुणी विचारलं नव्हतं. खरं तर मलाही ते कुणी सांगितलेलं नव्हतं. “घ्यायचे असतात म्हणून घ्यायचे,” मी म्हणाले. तिनं मान डोलावली आणि वहीत तसंच्या तसं उतरवून घेतलं. बाकीच्या मुली तोंडावर ओढणी धरून हसल्या. ती भोळी होती की माझी खोडी काढत होती, ते मला अजून कळलेलं नाही.

कोर्सच्या पाचव्या महिन्यात तिला दिवस गेल्याचं कळलं. पोट दिसायला लागेपर्यंत येत राहिली, मग बंद झाली. तिच्या डोहाळजेवणाला मी स्वतः हिरवा ब्लाऊज शिवून दिला होता, हे मुद्दाम सांगते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी पहिल्यापासूनच अशी. मुलगी झाली, ज्ञानेश्वरी नाव ठेवलं, आणि सुकन्या पुन्हा क्लासला आली नाही. मला फार काही वाटलं नाही. प्रश्न विचारणारी एक कमी झाली.

मग कोरोना आला. शाळा बंद, नितीनची व्हॅन बंद, माझा क्लासही बंद. एके दिवशी दुपारी आमच्या ह्यांच्या मोबाईलमधून आवाज आला, “नमस्कार बायांनो, मी सुकन्या. कात्री हातात घ्यायच्या आधी च्या पिऊन घ्या, म्हंजी हात थरथरत न्हाई.” हे आरामखुर्चीत बसून हसत होते. मी मान वाकडी करून पाहिलं. जुन्या ओढणीचा मास्क कसा शिवायचा ते ती दाखवत होती. सात मिनिटांत मास्क तयार, आणि टक्स कशाला घेतात तेही तिनं जाता जाता सांगून टाकलं. कापड सपाट असतं, अंग सपाट नसतं, म्हणून. एवढंच होतं ते. मला इतकी वर्षं शिकवून सुचलं नव्हतं.

त्या मास्कनंतर तिनं मागं वळून पाहिलं नाही. साडीचे फ्रॉक, दप्तराची चेन, जीन्सची खालची पट्टी, मॅक्सी, उशांचे अभ्रे. वर्षभरात पन्नास हजार बायका तिच्या मागे, मग लाख, मग मी बघायचं सोडून दिलं. म्हणजे बघत होते, पण आकडा हाताने झाकून बघत होते.

एकदा तिच्या घरी गेले. निमित्त लोणच्याचं, खरं कारण वेगळं. हिच्याकडे कॅमेरे असतील, कुणी ठेवलेला माणूस असेल, असं मला वाटत होतं. दोन खोल्यांचं घर. ज्ञानेश्वरीचा पाळणा काढून टाकलेला आणि त्याच कडीला दोऱ्या बांधून एक प्लॅस्टिकची चाळणी टांगलेली. चाळणीच्या बुडाला भोक पाडून त्यात मोबाईल पालथा ठेवला होता. खाली सतरंजीवर कापड अंथरायचं, वरून मोबाईल बघणार. त्यामुळे बायांना सगळं स्वतःच्याच हातात चालल्यासारखं दिसतं. आवाज ती वेगळा भरायची, गोधडी डोक्यावरून घेऊन, म्हणजे खोली घुमत नाही. मुलगी दुपारी झोपली की पलंगाशेजारी खाली बसून मोबाईलवरच व्हिडिओतलं नको ते कापायची, जोडायची, अक्षरं टाकायची. कुणी शिकवलं, मी विचारलं. तर म्हणे, मोबाईलमध्येच दुसऱ्यांचे व्हिडिओ बघून शिकले.

तिनं मला मोबाईलवर एका व्हिडिओखालची वाकडीतिकडी रेघ दाखवली. “ही बगा ताई. हितं खाली आली ना, हितं बाया कंटाळून निघून गेल्या. मंग त्या जागी मी काय बोलत हुते ते बगते, आन पुढच्या बारीला तेवडं गाळते.”

क्लासमध्ये मुली कंटाळल्या की मी त्यांना ओरडते. ही स्वतःलाच ओरडत होती.

शेजारी एक वही होती. कमेंटमध्ये बायांनी विचारलेले प्रश्न त्यात लिहून ठेवलेले. एका डावखुऱ्या बाईनं विचारलं होतं की कात्री उलटी चालते, काय करू. सुकन्या आठवडाभर डाव्या हातानं कापड कापायला शिकली आणि मग तो व्हिडिओ केला. माझ्याकडे एक डावखुरी मुलगी आली होती, तिला मी उजव्या हातानं कापायला लावलं होतं. लोणच्याची बरणी ठेवून मी घरी आले आणि ह्यांना म्हटलं, तिच्यात काही विशेष नाही, नशीब आहे.

मग मीही चॅनल काढलं. गोल दिवा आणला, स्टँड आणला, कॉलरला लावायचा माईक आणला. ह्यांनी शूटिंग केलं. नमस्कार, माझा परिचय, शिवणकलेचं महत्त्व, मशीनचे भाग, असं चाळीस मिनिटं मी शुद्ध मराठीत बोलले. मध्ये दोनदा कुकरची शिट्टी झाली. एकसष्ट वेळा पाहिलं गेलं, त्यात तीस वेळा मीच. “तू चहाचं नाही म्हणालीस,” हे म्हणाले. दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी हे काम कापड बाजारात रंभाजी मास्तरांकडे शिकले. मास्तरांनी मला सगळं दिलं, एक सोडून. ब्लाऊजला बाही जिथं जोडतात तो काखेतला गोलवा म्हणजे मुंढा. त्याचं माप त्यांनी मला अर्धा इंच कमी लिहून दिलं होतं. छाती चौतीस असेल तर मुंढा सात हवा, माझ्या वहीत साडेसहा. आणि दुकानाची शिस्त अशी, की बाही जोडण्याआधी कच्चा ब्लाऊज मास्तरांना दाखवायचा. मास्तर खडूनं एक गोल रेघ ओढायचे, कात्री फिरवायचे, आणि ब्लाऊज अंगावर चापून बसायचा. त्यांच्या हाताला गुण आहे, असं आम्ही म्हणायचो. त्या गुणाला सहा वर्षं नमस्कार केल्यावर एक दिवस मी त्यांचा कापलेला मुंढा गुपचूप मोजला.

मला राग यायला हवा होता. आला नाही. माझा क्लास सुरू झाला तेव्हा मीही मुलींना साडेसहाच लिहून दिलं. ‘बाही जोडण्याआधी ताईंना दाखवणे’ असं भिंतीवर लावलं. कोर्स संपून वर्षं उलटली तरी मुली कच्चा ब्लाऊज पिशवीत घालून यायच्या. ताई, तुमचा हात लागल्याशिवाय बसत नाही, म्हणायच्या. याला हातचं राखून शिकवणं म्हणतात आणि आमच्या धंद्यात त्याचं कुणाला काही वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

गेल्या वर्षी दिवाळी झाली, लग्नसराई तोंडावर आली आणि सुकन्या क्लासमधली जुनी वही घेऊन माझ्याकडे आली. तोपर्यंत तिनं चॅनलवर ब्लाऊज घेतलाच नव्हता. गल्लीतल्या बायांचे शिवायची, पण त्यांचा मापाचा जुना ब्लाऊज समोर ठेवून. तक्त्याची तिला कधी गरजच पडली नव्हती.

“बाया म्हनत्यात, आमच्याकडं नीट बसनारा मापाचा ब्लाऊजच न्हाई, अंगावरून माप घिऊन शिकवा,” ती म्हणाली. “मंग तुमचा हा तक्ता दाखवला तर चालंल का, ताई? तुमचं नाव सांगीन मी.”

तिनं पान उघडलं. छाती चौतीस, मुंढा साडेसहा. शेजारी माझी लाल बरोबरची खूण आणि खाली माझी सही.

एक शब्द बोलायचा होता, सात. चहाचा कप माझ्या हातात होता. मी एक घोट घेतला.

“दाखव की,” मी म्हणाले. “माझं नाव मात्र घेऊ नकोस. मला नको ती प्रसिद्धी.”

तिला तो माझा मोठेपणा वाटला. खाली वाकून पाया पडून गेली. मी खोटं काही बोलले नाही, अशी माझी समजूत मी संध्याकाळपर्यंत घालत बसले. बाही जोडण्याआधी दाखवायला त्या लाखभर बायका कुणाकडे जाणार होत्या, हे मला चांगलं माहीत होतं.

व्हिडिओ सुरेख झाला होता, ते कबूल करते. कागदावर कटिंग, मग कापडावर, वहीचं पान मधूनमधून जवळून, माझी खूण आणि सही तेवढी पट्टीखाली झाकून. तयार ब्लाऊज तिनं हँगरला अडकवून दाखवला, कारण तिचं स्वतःचं माप आता चौतीस राहिलेलं नव्हतं. हँगरवर कुठलाही ब्लाऊज छानच दिसतो. चार लाख बायांनी पाहिला.

पंधरा दिवस नुसतं कौतुक. मग एक कमेंट आली, काखेत आवळतंय ताई. मग दुसरी, हात वर होत नाही. मग रोज दहा-वीस. कर्जतच्या एका बाईनं लिहिलं की मुलीच्या लग्नाचा ब्लाऊज तुमच्या भरवशावर घरी कापला. बाहीला काठ लावून झालेत, जादा कापड नाही, हळद आठ दिवसांवर आली आहे, आता मी काय करू. खाली कुणीतरी लिहिलं होतं, येत नाही तर शिकवता कशाला.

मी रोज सकाळी चहाबरोबर त्या कमेंट वाचायची. बरं वाटायचं. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. त्या ‘शिकवता कशाला’ला मी ह्यांच्या मोबाईलवरून अंगठाही दिला, म्हणजे माझं नाव नको. ह्यांना एकदा शंका आली. “तुझ्याकडेच शिकली ना गं ती? मग तक्ता तुझाच असेल.”

“अर्ध्यात सोडलं होतं तिनं,” मी म्हणाले आणि भाजी चिरायला घेतली.

त्याच आठवड्यात सुकन्या आली. डोळे सुजलेले. चपला दाराबाहेर काढून आत येऊन जमिनीवरच बसली. मशिनीवर मुली होत्या, त्यांना मी बाहेर पाठवलं.

“ताई, माझं कुठं चुकलं आसंल?”

मी टेबलावरचे खडू डब्यात भरू लागले.

“आता मी काय बी सांगितलं तरी बाया म्हनत्यात, आधी मुंढा नीट करा, मंग आमाला शिकवा. झिपचा टाकला तरी तेच, फ्रॉकचा टाकला तरी तेच. त्या कर्जतच्या बाईचं लेकरू आठ दिसानं बोहल्यावर उभं राहनार. मला झोप न्हाई. चॅनल बंद करावं म्हनते.”

हेच तर मला हवं होतं. तिच्या तोंडून ऐकल्यावर मात्र ते कानाला गोड लागलं नाही, एवढंच सांगते. तरीही मी जे बोलले ते बोलले. “कोर्स पुरा केला असतास तर ही वेळ आली नसती.”

तिनं मान हलवली. “व्हय, ताई. ते खरं हाय,” म्हणाली आणि गेली.

चार दिवसांनी ह्यांच्या मोबाईलमधून तिचा आवाज आला. “नमस्कार बायांनो. आज च्या पिऊ नका, आधी ऐका.”

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. सतरंजीवर एक हिरवा ब्लाऊज सगळी शिवण उसवून पसरला होता. मी लगेच ओळखला. डोहाळजेवणाला मीच शिवलेला. तेव्हा तिची छाती चौतीस होती. तिनं मुंढ्यावर टेप ठेवला आणि सात आकड्यावर बोट टेकवलं.

“मुंढा सात पायजे. मी तुमाला साडेसहा सांगितलं. ज्यांनी मला शिकवलं त्या सावेडीच्या भारतीताईंनी बरोबरच सांगितलं हुतं. वहीत उतरवून घेताना मी चुकले. अर्ध्यात कोर्स सोडला, त्याचं हे फळ. ज्यांचं कापड खराब झालं त्या समद्यांची मी माफी मागते.”

पुढे ती एसटीनं कर्जतला गेल्याचं होतं. त्या बाईच्या घरी बसून तिनं पूर्ण बाही न उसवता काखेत त्याच रंगाच्या दुसऱ्या कापडाची चौकोनी कळी, म्हणजे जोडतुकडा, लावून ब्लाऊज सैल करून दिला, आणि कुणालाही घरी करता येईल असं सावकाश दाखवलं. नवऱ्या मुलीनं दोन्ही हात वर करून दाखवले. शेवटी सुधारलेला पूर्ण तक्ता. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘भारतीताईंचं माप’.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चुकली तरी हीच मोठी. माफी मागितली तरी हिचीच वाहवा. खाली कमेंट सुरू झाल्या होत्या. चूक कबूल करायला धीर लागतो, ताई. तुमच्या भारतीताईंना आमचा नमस्कार सांगा. एवढी विद्या मनापासून देणाऱ्या बाई आता कुठे भेटतात.

मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. प्रत्येक व्हिडिओत ती वहीचं पान जवळून दाखवते. या वेळी वही सतरंजीच्या कडेला होती, मिटलेली. आत माझी लाल खूण, माझी सही. म्हणजे तिनं पान पाहिलं होतं, टेप पाहिला होता, आणि वही मिटली होती. तिला सगळं कळलं होतं.

मी फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

“वहीत उतरवताना चुकले, असं का म्हणालीस?” मी विचारलं.

पलीकडे मशीन चालू होती. मग मशीन थांबली.

“मंग काय म्हनू, ताई? तुमीच सांगा.”

 ती माझ्या उत्तरासाठी थांबली नाही. ज्ञानेश्वरीच्या शाळेत बक्षीससमारंभ आहे, तिला परीचा फ्रॉक हवाय, जाळीचं कापड कापड बाजारात कुठल्या दुकानात बरं मिळेल, असं विचारू लागली. मी दुकानाचं नाव सांगितलं. तेवढंच मी तिला तेव्हा खरं आणि पूर्ण दिलं.

नंतरच्या आठवड्यात माझ्या क्लासला इतक्या मुलींनी विचारणा केली की दोन तुकड्या कराव्या लागल्या. भारतीताई त्याच ना, असं विचारत यायच्या. मी हो म्हणायची. हो म्हणताना दर वेळी मला सुकन्याचा हेवा वाटायचा, आणि तो आता चॅनलचा नव्हता. माझ्यावर अशी वेळ आली असती तर मी वही उघडली असती, सगळ्या जगाला दाखवली असती, लाल खुणेसकट. मी स्वतःला चांगली ओळखते.

सोमवारी नव्या तुकडीला ब्लाऊजचा तक्ता द्यायचा होता. भिंतीवरचा ‘बाही जोडण्याआधी’चा कागद मी सकाळीच काढला. पुढच्या ओळीत मोनिका नावाची मुलगी बसली होती, चुणचुणीत, वही उघडून तयार.

“लिहा,” मी म्हणाले. “छाती चौतीस.”  बावीस वर्षांत हा आकडा मी कुणासमोर उच्चारला नव्हता. “मुंढा सात.”

कुणाचंही पेन हललं नाही. मी पुन्हा म्हणाले, “सात. लिहा की गं.”

“लिवलंय ताई,” मोनिका म्हणाली. “कालच व्हिडिओ बघून समदा तक्ता उतरवून ठिवला आमी. तुमचंच माप हाय ना.” तिनं वही माझ्याकडे फिरवली. अठ्ठावीसपासून चव्वेचाळीसपर्यंत सगळे आकडे होते आणि सगळे बरोबर होते.

“आता म्होरचं सांगा,” ती म्हणाली.

सगळ्याजणी माझ्याकडे बघत होत्या. मी खडू उचलला आणि फळ्याकडे वळले, आणि फळ्यासमोर उभी राहिल्यावर मला कळलं की माझ्याकडे राखलेलं तेवढंच होतं.